‘ब्रेकडाऊन’ म्हणजे नक्की काय झालं?



मागच्या व्याख्यानात माझ्याकडून एक गंमत झाली. सुरुवातीला मी म्हणालो, ‘या युक्तिवादाचा आपण ब्रेकडाऊन करून पाहू’, आणि पुढे दहाएक मिनिटांनी म्हणालो, ‘इथे दोघांमधल्या संवादाचं ब्रेकडाऊन झालं’. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं की, सर, एकाच शब्दाने उलगडून सांगणंही होतं आणि कोसळणंही होतं, हे कसं काय? वेळ संपली होती, म्हणून ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून मी सुटलो. आज ते देणं फेडायचं आहे.

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तो पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी, आणि विचारणाऱ्या बाई चौथी शिकलेल्या होत्या. माझा एक सहकारी, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, अचानक कॉलेजला यायचा बंद झाला. रजेच्या अर्जासोबत डॉक्टरांचं पत्र होतं, त्यात ‘नर्व्हस ब्रेकडाऊन’ असं लिहिलेलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी हळू आवाजात तेच दोन शब्द एकमेकांना सांगितले आणि सगळ्यांना सगळं समजल्यासारखं झालं. मी त्याच्या घरी गेलो. तो आतल्या खोलीत झोपलेला. त्याची आई बाहेर आली आणि म्हणाली, ‘अरे, तू फिलॉसॉफीचा ना? मग सांग मला, ब्रेकडाऊन म्हणजे याला नक्की काय झालंय? गाडीचं होतं ते माहितेय मला. तसंच असेल तर दुरुस्त होईल ना?’

मला उत्तर देता आलं नाही. चहा घेतला आणि घरी आलो. त्या काकूंच्या प्रश्नातच आजच्या विषयाच्या बऱ्याचशा गाठी आहेत.

आधी थोडं व्याकरण, मग तात्त्विक भाग. इंग्रजीत ‘ब्रेक’ हे क्रियापद आणि ‘डाऊन’ हा त्याच्या शेपटीला लागणारा शब्द. दोघं मिळून नवं क्रियापद होतं, आणि ते जोडून लिहिलं की नाम होतं. म्हणताना आघातही बदलतो. क्रियापदात जोर ‘डाऊन’वर, नामात जोर ‘ब्रेक’वर. क्रियापदाचे दोन तुकडे एकमेकांपासून लांबही उभे राहू शकतात. मध्ये अख्खं कर्म येऊन बसतं. नामात मात्र ते एकमेकांना असे चिकटतात की मध्ये काही शिरत नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. संस्कृतात ‘हृ’ या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात. जेवण, फिरणं, मारणं, नाश, निवारण. एकच धातू, फक्त पुढचा उपसर्ग बदलला. फरक एवढाच की आपला उपसर्ग पुढे लागतो आणि इंग्रजीचा मागे. आणि तोही फरक पूर्ण खरा नाही. पाणिनीने स्वतः नोंदवून ठेवलंय की वेदांच्या भाषेत उपसर्ग धातूच्या नंतरही येतो आणि मध्ये दुसरे शब्द टाकून लांबही उभा राहतो. म्हणजे अगदी इंग्रजीसारखाच.

मग प्रश्न येतो की अर्थ कुणाचा? धातूचा की उपसर्गाचा? हा वाद यास्काच्या निरुक्तात आहे. शाकटायन म्हणतो, उपसर्गाला एकट्याला अर्थ नाही, तो धातूच्या अर्थाला फक्त उजळवतो. गार्ग्य म्हणतो, नाही, उपसर्गाला स्वतःचे निरनिराळे अर्थ आहेत. अडीच हजार वर्षं होत आली या वादाला, आणि ‘ब्रेकडाऊन’ समोर ठेवला तर मला दोघांचंही थोडं थोडं पटतं.

‘डाऊन’ म्हणजे खाली. पण खाली म्हणजे कुठे? एक चित्र असं की उभी असलेली गोष्ट आडवी झाली. भिंत होती, ढासळली. माणूस उभा होता, खाली बसला. दुसरं चित्र असं की आपण वरून खाली तळापर्यंत गेलो, मोठ्याकडून बारक्याकडे. दळताना दाणा वरून जातो आणि खाली पीठ येतं, तसं. पहिल्या चित्रातून कोसळण्याचा अर्थ निघतो, दुसऱ्यातून फोड करण्याचा. तुम्ही बांधकामाच्या खर्चाचा ब्रेकडाऊन मागता तेव्हा बांधकाम कोसळावं अशी तुमची इच्छा नसते. सिमेंटचे किती, सळयांचे किती, मजुरी किती, हे तुम्हाला सुटं सुटं हवं असतं.

आता यातली गंमत बघा. आपल्याकडे ऑफिसात हाच तपशील लोक ‘ब्रेकअप’ म्हणून मागतात. ‘सॅलरीचा ब्रेकअप पाठवा.’ भारतीय इंग्रजीत हे इतकं रुळलंय की कुणाला खटकत नाही. पण लंडनच्या माणसाला तेच सांगितलं तर तो आधी विचारेल की पगाराचं आणि कुणाचं प्रेमप्रकरण होतं? म्हणजे ‘अप’ लावा की ‘डाऊन’ लावा, तुकडे होतातच. इंग्रजीत घर जळून खाक झालं तर ते ‘डाऊन’ जळतं, आणि त्याच आगीत घरातले कागद ‘अप’ जळतात. वर-खालीचा तिथे काही संबंध उरलेला नाही. क्रिया पार शेवटपर्यंत गेली एवढंच त्या शेपटाने सांगायचं असतं. हे काम मराठीत आपण दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो. मोडून पडलं, मोडून गेलं, मोडून टाकलं. या तिघांवर आपण पुन्हा येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

बाकीचे अर्थ भराभर सांगतो. पोटात अन्नाचं ब्रेकडाऊन होतं, भाताच्या स्टार्चचं ग्लुकोज होतं, आणि ते नीट झालं नाही तर आपलं होतं. देशांमधल्या वाटाघाटींचं ब्रेकडाऊन होतं. कायदा-सुव्यवस्थेचं होतं. विजेच्या शास्त्रात हवेवर दर मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्टचा ताण आला की हवेचं ब्रेकडाऊन होतं, म्हणजे जी हवा वीज अडवत होती तीच वीज वाहून नेऊ लागते आणि ठिणगी पडते. आणि झेनर डायोड नावाचा एक चिमुकला भाग आहे, तो तर मुद्दाम ब्रेकडाऊनमध्येच चालावा म्हणून बनवतात. व्होल्टेज स्थिर ठेवायला त्याचा उपयोग होतो. ब्रेकडाऊन चालू आहे आणि काहीही बिघडलेलं नाही! अमेरिकेच्या ग्रामीण संगीतात तर ‘ब्रेकडाऊन’ म्हणजे पाय आपटत करायचा जोरदार नाच, आणि त्याची द्रुत लयीतली धून. अर्ल स्क्रग्ज यांनी १९४९ मध्ये बँजोवर वाजवलेली अशी एक प्रसिद्ध धून आहे, नावातच ‘ब्रेकडाऊन’ असलेली. ती ऐका कधीतरी. त्यात कुणीही कोसळत नाही, उलट बसलेला माणूस उठतो.

विट्गेनश्टाइन अशा वेळी सांगायचा की या सगळ्यांना सामाईक असा एक अर्थ शोधत बसू नका. एका घरातल्या माणसांसारखं बघा. एकाचं नाक मामासारखं, दुसरीचे डोळे आजीसारखे, पण सगळ्यांमध्ये सारखं असं एकही लक्षण नाही. मला हे मान्य आहे. पण एका गोष्टीत ही सगळी भावंडं सारखी आहेत, आणि ती गोष्ट अर्थात नाही, व्याकरणात आहे. ती सगळी नामं आहेत.

नाम असल्याने काय बिघडतं? सांगतो.

क्रियापद आलं की ते कर्ता मागतं. मोडलं? कुणी मोडलं? निदान, काय मोडलं? नाम काही मागत नाही. ‘वाटाघाटींचं ब्रेकडाऊन झालं’ म्हटलं की वाक्य पूर्ण झालं. कुणी उठून गेलं, कुणी अटी घातल्या, कुणी आधीच ठरवून आलं होतं की जमवायचंच नाही, यातलं काहीही सांगावं लागत नाही. मुत्सद्द्यांना हे नाम आवडतं ते उगीच नाही.

आता ‘बघा, इंग्रजी कशी लबाड भाषा आहे’ असं कुणी म्हणू नका. आपल्या घरातला प्रसंग घ्या. लहान मुलाच्या हातून कप पडतो. तो काय म्हणतो? ‘आई, कप फुटला.’ ‘मी कप फोडला’ असं म्हणणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही. फुटणं आणि फोडणं, तुटणं आणि तोडणं, बिघडणं आणि बिघडवणं, या जोड्या आपल्याकडे आहेतच, आणि सोयीनुसार कुठली वापरायची हे आपण भाषेबरोबरच शिकतो. पण मराठीत एक तिसरी वाट आहे, तिचं मला फार कौतुक वाटतं. ‘माझ्याकडून कप फुटला.’ हात माझा होता, पण हेतू नव्हता. कर्तेपण कबूल, अपराध नाही. एवढी बारीक गोष्ट एका ‘कडून’ने सांगता येते. आणि मघाशी म्हटलं त्या तीन रूपांमध्येही तेच. ‘मोडून टाकलं’ म्हटलं की टाकणारा कुणीतरी आहेच. ‘मोडून पडलं’ मध्ये तो दिसत नाही. ‘मोडून गेलं’ मध्ये तो नसल्याची थोडी हळहळसुद्धा आहे. ‘ब्रेकडाऊन झालं’ या शब्दांत हे तिन्ही एकाच पोत्यात जातात.

पण कर्ता नाहीसा होणं नेहमी वाईटच असतं का? इथे मला स्वतःचंच जुनं मत थोडं बदलावं लागलं, आणि ते बदललं कायद्यामुळे.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट प्रामुख्याने दोषावर उभा होता. उदाहरणार्थ, व्यभिचार. म्हणजे एकाने दुसऱ्याला न्यायालयात दोषी ठरवायचं, तेव्हा सुटका. १९७६ मध्ये परस्पर संमतीची वाट निघाली, पण तिथे दोघांची संमती लागते. ज्या घरात एकाला सुटायचंय आणि दुसऱ्याला सोडायचं नाही, तिथे पुन्हा दोष सिद्ध करत बसा. सिद्ध करायचा म्हणजे जुनी पत्रं काढायची, शेजारी साक्षीला आणायचे, एकेकाळी ज्या माणसाबरोबर संसार केला त्याला भर कोर्टात वाईट ठरवायचं. इंग्लंडने १९६९ च्या कायद्यात घटस्फोटाचं कारण एकच ठेवलं, विवाहाचं भरून न येणारं ब्रेकडाऊन. ते दाखवायला मात्र पुन्हा ठराविक गोष्टींपैकी एक सिद्ध करावी लागायची, आणि त्यात दोषही आलेच; ती अट जायला २०२२ साल उजाडलं. आपल्या विधी आयोगानेही १९७८ च्या एकाहत्तराव्या अहवालात हे कारण कायद्यात घ्यावं अशी शिफारस केली. कायद्यात ते आजही नाही. पण १ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की घटनेच्या १४२ व्या कलमाखाली या कारणावरून विवाह संपवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला आहे. हक्क म्हणून मागता येणार नाही, आणि खालच्या कौटुंबिक न्यायालयाला तो अधिकार नाही.

इथे नामाने काय केलं ते बघा. ‘विवाहाचं ब्रेकडाऊन झालं आहे’ या वाक्यात कुणी मोडलं हे नाही, आणि ते नसणं हाच तर सगळा उपयोग आहे! दोन माणसांना एकमेकांवर चिखल न उडवता वेगळं होता यावं म्हणून कर्ता मुद्दाम गाळला. मी पूर्वी वर्गात सांगायचो की क्रियेचं नाम केलं की सत्य झाकलं जातं. आता मी म्हणेन, कधी कधी झाकण्यात सभ्यता असते.

पण तेवढ्यावर थांबता येत नाही. संसदेत या दुरुस्तीचं विधेयक आलं तेव्हा नेमका हाच आक्षेप घेतला गेला की ज्याने बायकोला वाऱ्यावर सोडलं, तोच काही वर्षांनी येऊन म्हणणार, ‘बघा, ब्रेकडाऊन झालंय.’ ज्याने मोडलं तोच मोडल्याचा फायदा घेणार. म्हणून पत्नीला आर्थिक हलाखीच्या कारणावरून विरोध करता यावा अशी तरतूद त्या विधेयकात घालावी लागली. पुढच्या दाराने बाहेर काढलेला कर्ता मागच्या दाराने आत घ्यावा लागतो तो असा.

आता माझ्या सहकाऱ्याकडे परत येतो.

‘नर्व्हस ब्रेकडाऊन’ हा वैद्यकातला निदानवाचक शब्द नाही. मानसोपचाराच्या आजच्या अधिकृत वर्गीकरणांत या नावाचा आजार सापडणार नाही. तिथे नैराश्य आहे, चिंतेचे विकार आहेत, आणखी बरंच आहे. ‘नर्व्हस’ हा भाग त्या काळातून आला जेव्हा मनाच्या दुखण्याचं मूळ नसांच्या थकव्यात आहे असं समजत. अमेरिकेत बिअर्ड नावाच्या डॉक्टरांनी १८६९ मध्ये नसांच्या अशक्तपणाची कल्पना लोकप्रिय केली होती. ती उपपत्ती मागे पडली, शब्द राहिला. का राहिला? मला वाटतं, तो यंत्राची भाषा बोलतो म्हणून. ‘वेड’ म्हटलं की माणसावर शिक्का बसतो, घराण्यावर बसतो, बहिणीच्या लग्नापर्यंत जातो. ‘ब्रेकडाऊन’ म्हटलं की काहीतरी बंद पडलंय, चालू होईल. काकूंना जी आशा वाटली ती या शब्दानेच दिली होती. तेवढं पुण्य त्याच्या पदरात घातलं पाहिजे.

पण त्याच शब्दाने दुसरंही काम केलं. हा माणूस तीन वर्षं दोन माणसांचं काम करत होता. रिक्त जागा भरली नव्हती, तिचे तास त्याच्याकडे. परीक्षेचं काम त्याच्याकडे. आणि वर दर महिन्याला सगळ्यांसमोर बोलणी. हे स्टाफरूममधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही होतं. मी त्यातला एक तासही कधी मागून घेतला नाही, हेही सांगतो. ‘ब्रेकडाऊन झालं’ म्हटल्यावर हे सगळं पुसलं गेलं. जणू त्याच्या आतलाच एखादा भाग कमकुवत होता, तो गेला. वर्षभराने तो कामावर परत आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, ‘ब्रेकडाऊन झाला होता ना तुम्हाला?’ तो शांतपणे म्हणाला, ‘झाला नव्हता. मला दमवलं होतं.’ व्याकरण शिकवणाऱ्यांनी टिपून घ्यावं असं ते प्रयोजक क्रियापद होतं.

आता तात्त्विक भागाचं शेवटचं टोक, ते थोडक्यात. मोडणं आणि उलगडणं एकाच शब्दात यावं हा निव्वळ योगायोग आहे का? हायडेगरचा १९२७ चा ग्रंथ आहे, ‘असणे आणि काळ’. त्यात हातोड्याचं उदाहरण येतं. सुतार ठोकत असतो तेव्हा त्याला हातोडा दिसत नाही, तो कामात असतो. हातोडा मोडला की तो एकदम समोर येतो, वस्तू म्हणून. आणि त्याच्याबरोबर खिळा, फळी, ज्याच्यासाठी हे चाललंय तो माणूस, ही सगळी जुळणीच दिसू लागते. हायडेगर जर्मनमध्ये लिहीत होता, त्याने ‘ब्रेकडाऊन’ म्हटलेलं नाही. पुढे इंग्रजी लेखकांनी, त्यात संगणकाच्या क्षेत्रातलेही होते, या अनुभवाला हे नाव दिलं. आम्ही तरुणपणी कोकणात जाताना बस घाटात बंद पडली, तेव्हा ड्रायव्हरने बॉनेट उघडलं आणि आम्ही चाळीस माणसं प्रथमच बघत होतो की बसला आत काय काय असतं. ब्रेकडाऊन झालं आणि ब्रेकडाऊन दिसला!

हे फार आकर्षक आहे, म्हणूनच जपून. आर. डी. लेंग या मानसोपचारतज्ज्ञाने १९६७ मध्ये असं सुचवलं की मनाचं कोसळणं हे कधी कधी नवी वाट फुटणंही असू शकतं. इंग्रजीत दोन्ही शब्द ‘ब्रेक’चेच, त्यामुळे ऐकायला छान वाटतं. काहींच्या बाबतीत खरंही असेल. पण उघडलेल्या बॉनेटसमोर जाणकार मेकॅनिक उभा होता म्हणून आमची बस निघाली. नुसतं मोडल्याने काही कळत नाही. बघणारा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. माझ्या मित्राला त्या वर्षात कसला साक्षात्कार झाला नाही. त्याला झोप येत नव्हती.

माझं बोलणं संपलं. प्रश्न घेऊ.

(एका श्रोत्याचा प्रश्न : सर, मग मराठीत ‘ब्रेकडाऊन’ला एकच चांगला प्रतिशब्द कोणता?)

एक कशाला हवा? गाडी बंद पडते. बोलणी फिसकटतात. यंत्रणा कोलमडते. खर्चाची फोड करतात, आकड्यांची वर्गवारी करतात. अन्नाचं विघटन होतं. माणूस खचतो. यातला प्रत्येक शब्द आपापल्या जागी ‘ब्रेकडाऊन’पेक्षा जास्त सांगतो. आणि हो, एक ‘मोडणे’ घेतलं तरी बघा : लग्न मोडतं, एफडी मोडतो, शंभराची नोट मोडतो, आणि हातात येते ती ‘मोड’. मटकीलाही मोडच येतात. तेव्हा अर्थांचा पसारा इंग्रजीचीच मिरास आहे असं नाही. इंग्रजी शब्द वापरू नका असं मी म्हणत नाही, मीही वापरतोच. वापरताना आपण कुठला अर्थ घेतोय, आणि कर्ता गाळतोय का, एवढं बघा.

(दुसऱ्या श्रोत्या : त्या काकूंना तुम्ही शेवटी काय उत्तर दिलं?)

आठ दिवसांनी पुन्हा गेलो होतो. म्हटलं, ‘काकू, तो फार दमलाय. झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशात मन लागत नाही. डॉक्टर औषध देतायत, पण वेळ लागेल, काही महिने लागतील.’ त्या म्हणाल्या, ‘मग असं सांगायचं ना मराठीत.’ आणि मला बसायला सांगून त्याच्यासाठी मऊ भात टाकायला आत गेल्या.